गप्प बाळांची खोली

त्या खोलीतली बाळं रडत नाहीत, अशी तिची ख्याती होती. दिवस भरायच्या आत जन्मलेले एवढे एवढेसे जीव काचेच्या पेट्यांत ओळीने निजवलेले, नाकात नळ्या, पायांना पट्ट्या, आणि आवाज म्हणाल तर फक्त यंत्रांचा. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा आणि म्हणायचा, "किती शांत आहेत हो!" त्यावर तिथली कुणीतरी नर्स, जणू स्वतःचंच कौतुक चाललंय अशी मान वेळावून सांगायची, "आमच्या लोणी सिस्टरच्या हाताचा गुण आहे तो."

लोणी हे काही तिचं नाव नव्हे. हात लोण्यासारखा, म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर तिलाच जरा वेळ लागायचा. बाई ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चष्मा दोरीने गळ्यात. टाचेत सुई टोचून रक्त काढायचं, केसाएवढ्या शिरेत सुई घालायची, नाकातली नळी बदलायची, ही नकोशी कामं सगळ्यांनी मिळून तिच्या गळ्यात मारली होती. तिलाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट, मिरवायचीच ती. का मिरवू नये? दुसरी कुणी टोचायला गेली की बाळ किंचाळून छत डोक्यावर घ्यायचं. लोणी गेली की बाळ हूं नाही की चूं नाही.

तिची रीत ठरलेली होती. दाराजवळच्या बेसिनवर हात धुता धुताच तिच्या नाकातल्या नाकात एक चाल सुरू व्हायची. ना ती अंगाई, ना कुठलं गाणं. खाली उतरणारी, मग जरा वर चढून पुन्हा खाली येणारी, शब्द नसलेली गुणगुण. ती आपण करतो हे तिला स्वतःलाही बहुतेक वेळा कळत नसे. मग कोमट फडक्यात बाळाचा पाय धरायचा, जिभेवर साखरपाण्याचा थेंब सोडायचा, आणि गुणगुण चालूच. बाळ हातपाय आवरून घ्यायचं, डोळे मोठे करायचं आणि अगदी निश्चल व्हायचं. सुई जायची, रक्त यायचं, पट्टी लागायची. "शहाणं गं माझं बाळ ते," लोणी म्हणायची आणि पुढच्या पेटीकडे वळायची.

मग ते यंत्र आलं, आणि इथून सगळं बिघडायला लागलं. निदान लोणीचं तरी म्हणणं तसंच होतं.

मोठ्या डॉक्टरांना नव्या गोष्टींची भारी हौस. त्यांनी काही दिवस वापरून बघायला म्हणून ते मागवलं होतं. सोबत यंत्र समजावून द्यायला एक बाई आली, चाळिशीची, केस कापलेली, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारी. तिला सगळे मापवाल्या बाई म्हणू लागले. पहिल्या दिवशी सगळ्या नर्सना गोळा करून तिने सांगितलं, "एवढ्या बाळाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. रडतं म्हणावं, तर भुकेनेही रडतं. आणि दमलेलं बाळ तर दुखत असूनही रडत नाही. म्हणून त्याच्या काळजाला विचारायचं."

"आणि काळीज सांगतं?" लोणीने विचारलं. तिच्या स्वरातली खोच सगळ्यांना कळली.

"सांगतं ना. आपलं काळीज काही घड्याळासारखं चालत नाही, सिस्टर. श्वास आत घेतला की जरा पळतं, सोडला की जरा रेंगाळतं. निवांत माणसाचं काळीज असं डुलत डुलत चालतं. दुखायला लागलं की ते डुलणं बंद होतं. ठोके एकसारखे पडायला लागतात, छडीवाले गुरुजी आले की पोरं रांगेत ताठ उभी राहतात ना, तसे. हे यंत्र ते डुलणं मोजतं आणि शंभरपैकी एक आकडा देतं. आकडा वर, तर बाळ सुखात. आकडा पन्नाशीच्या खाली घसरला, की समजा त्याला दुखतंय."

बाळांच्या छातीवर चिकटपट्ट्या आधीच असत. त्यांच्याच वायरी नव्या यंत्रांना जोडल्या आणि प्रत्येक पेटीच्या डोक्याशी हिरवा आकडा पेटला. नर्सनी त्याच दिवशी यंत्राचं बारसं करून टाकलं. नाव ठेवलं चहाडखोर. "हळू हात लाव बाई, चहाडखोर बघतोय," असं एकमेकींना म्हणून हसायच्या. पहिले दोन-तीन दिवस मजेत गेले.

खिडकीजवळच्या पेटीत एक मुलगा होता. जन्मला तेव्हा एवढासा होता, की सगळे त्याला मूठभर म्हणायचे. खूप दिवस तिथे काढून तो आता गोबरा व्हायला लागला होता, चार-आठ दिवसांत घरी जाणार होता. एका दुपारी तो पोट भरून झोपला होता. जवळ कुणी नव्हतं. ना सुई, ना नळी, ना पट्टी. आणि त्याच्या डोक्याशी असलेला आकडा ऐंशीवरून खाली यायला लागला. सत्तर. साठ. पन्नास. तिशीत येऊन थांबला. मूठभरचे डोळे उघडले होते. रडणं नाही, हालणं नाही. नुसता वर बघत होता.

ड्यूटीवरच्या नर्सला वाटलं, वायर सुटली असेल. ती उठली, तेवढ्यात शेजारच्या पेटीचा आकडा घसरायला लागला. मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी ओळीने चालत जावं आणि प्रत्येक बाळावर हात ठेवत जावं, तसे ते आकडे पडत गेले. आणि सगळी बाळं जागी, डोळे उघडे, गप्प. थोड्या वेळाने आकडे जसे उतरले तसेच हळूहळू चढले आणि बाळं झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. आता चहाडखोरावर हसायला कुणी तयार नव्हतं. एक नर्स, एरवी मोठी धीट, दुपारी एकटी त्या खोलीत बसायला नाही म्हणाली. "मला आत गेलं की मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं," ती म्हणाली, आणि बाकीच्यांनी तिची टर उडवली नाही, यातच काय ते आलं. फरशी पुसणाऱ्या बाईने तर पुसणं सकाळवर नेलं. मोठे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "यंत्र खराब दिसतंय. भरवसा ठेवता येत नसेल तर परत पाठवू."

मापवाल्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी वायरी तपासल्या, पट्ट्या बदलल्या, या पेटीचं यंत्र त्या पेटीला लावून बघितलं. यंत्र हललं, पण खोड काही यंत्राबरोबर हलली नाही. ज्या बाळाचा आकडा पडत होता त्याचाच पडला, कुठलंही यंत्र लावा. फक्त एका मुलीचा पडत नव्हता. ती नुकतीच, आदल्या दिवशी आली होती.

मग एकदा लोणी हात पुसत असताना मापवाल्या बाई तिच्याजवळ आल्या. पुन्हा खांद्याकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, रागावू नका. एक विचारू? दुसरी कुणी सुई टोचते तेव्हा बाळ रडतं, आकडा पडतो, आणि मग लवकर वर येतो. तुमच्या हातात बाळ रडत नाही. पण आकडा पडतो. आणि तो सुईच्या आधी पडलेला असतो."

लोणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आधी कसा पडेल? सुईच गेली नाही तर दुखेल काय, माझं डोंबल?"

"तेच कळत नाही. शिवाय, हा आकडा आत्ताचा नसतोच. मागच्या थोड्या वेळाची सरासरी असते. म्हणजे आपल्याला पडताना दिसतो, त्याच्याही आधी ते सुरू झालेलं असतं. मी मागे मागे जाऊन बघितलं. तेव्हा तुम्ही पेटीजवळसुद्धा नसता. तिकडे बेसिनवर हात धूत असता."

"म्हणजे मी हात धुतले की त्यांना दुखतं?"

"मी असं म्हटलं नाही."

"बाई, मी हाताळलेल्या बाळांची लग्नं होऊन त्यांची बाळं आली माझ्याकडे. माझ्या हातात बाळ रडत नाही. रडतंय ते तुमचं यंत्र!" असं म्हणून लोणीने फडकं आदळलं आणि ती निघून गेली. खरं सांगायचं तर ती मनातून चरकली होती, म्हणूनच आवाज एवढा चढला.

त्या रागातच तिने ठरवलं, की दुपारी आपण स्वतः बसायचं आणि या थोतांडाचा एकदा निकाल लावायचा. जेवणं उरकली, बाकीच्या नर्स आनंदाने खोली तिच्या ताब्यात देऊन सटकल्या. लोणी दाराजवळच्या स्टुलावर बसली. हात मांडीवर, तोंड मिटलेलं. कुठल्याही पेटीला हात लावायचा नाही, असा निश्चयच होता. बाहेर ऊन होतं, पडदे ओढलेले, खोलीत हिरवे आकडे. ऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. सगळी झोपलेली. लोणीला बरं वाटायला लागलं. बघा म्हणावं त्या बाईला, मी बसले आहे आणि काही होत नाही.

आणि मूठभरचे डोळे उघडले.

आकडा अजून हलला नव्हता. तो मागून येतो, हे आता लोणीला माहीत होतं. म्हणून ती आकड्याकडे न बघता बाळाकडे बघत राहिली. त्याच्या मुठी हळूहळू छातीशी आल्या. पाय पोटाशी. मग तो थांबला. अगदी थांबला. शेजारच्या पेटीतल्या मुलीने तसंच केलं. पलीकडच्या जुळ्यांनी तसंच केलं. पूर्ण ओळ जागी झाली आणि आकसून पडून राहिली, आणि मग आकडे पडायला लागले. लोणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला वाटलं, खरंच कुणीतरी आलंय, आणि आपल्यालाच दिसत नाही.

एका पेटीत मात्र ती नवी मुलगी बिनघोर झोपली होती, ब्याऐंशीवर.

लोणीने श्वास रोखून धरला. आणि आतापर्यंत पंख्याच्या आवाजासारखं कानावर पडून न ऐकलेलं काहीतरी तिला ऐकू आलं. भिंतीपलीकडून येत होतं, दबकं, अनेक गळ्यांतून. खाली उतरत, जरा वर चढत, पुन्हा खाली.

भिंतीपलीकडे आयांची खोली होती. दुपारी तिथे बसून त्या बाळांसाठी दूध काढायच्या. लोणी उठली. ती तिथवर गेली आणि तिने दार ढकललं. चार-पाच जणी खुर्च्यांवर बसल्या होत्या, छातीशी पंप, डोळे अर्धवट मिटलेले, आणि सगळ्या मिळून गुणगुणत होत्या. लोणीची चाल. तिची स्वतःची, जशीच्या तशी.

"या सिस्टर!" मूठभरची आई हसून म्हणाली. ती तरुण मुलगी होती, तिशीसुद्धा न गाठलेली, पहिलंच बाळ. "तुमचीच चाल चोरली बघा आम्ही. ही म्हटली की दूध पण छान उतरतं. आणि माझा मूठभर तर काय, मी ही सुरू केली की लगेच गप्प. घरी गेल्यावर मला कसली चिंताच नाही."

बाकीच्या हसल्या. लोणीही हसली असावी. मान हलवून ती मागे फिरली.

एवढी वर्षं. एवढी वर्षं ती गुणगुणत आली आणि पाठोपाठ सुई आली. बाळाला काय ठाऊक, की गुणगुण मायेची आहे? बाळाला फक्त एवढंच ठाऊक, की हा आवाज आला की टाच धरली जाते आणि आग होते. त्यांना ती शांत करत नव्हती. ती त्यांना सांगत होती, की आता दुखणार आहे. आणि बाळं गप्प व्हायची, ससा झुडपात गप्प होतो तशी. त्या गप्पपणाला ती शहाणं बाळ म्हणायची. बेसिनच्या कडेला धरून लोणी उभी राहिली आणि तिला भडभडून आलं. रडूही फुटेना, मेलं.

त्या संध्याकाळी घरी गेली तरी डोक्यात तेच. स्वतःच्या मुलीला सांगावं का? मुलगी मोठी झालेली, कामावरून दमून आलेली, टेबलाशी चहा घेत बसलेली. लोणी ओट्याशी पाठ करून कांदा चिरत होती आणि सुरुवात कुठून करावी याची जुळवाजुळव करत होती. मागे कप वाजायचा थांबला. लोणीने वळून बघितलं.

मुलीचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच राहिला होता. खांदे आकसलेले, कोपरं अंगाशी, डोळे मोठे. ती आईच्या पाठीकडे बघत होती. लोणीच्या हातातली सुरी थांबली, आणि तेव्हा तिला कळलं, की आपण गुणगुणत होतो.

"काय झालं गं?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? तूच सांग, काय झालंय."

"कुठे काय?"

"आई, तू हे सुरू केलंस की काहीतरी दुखणारं येतं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उन्हाळा आला की उकडतं असं सांगावं तसं सांगत होती. "पायातला काटा काढायचीस तेव्हा. दात पाडायला न्यायचीस तेव्हा. बाबा गेले त्या दिवशी तू मला शाळेतून न्यायला आलीस ना, तेव्हा तुझा चेहरा मला नंतर दिसला. आधी हे ऐकू आलं. तिथेच कळलं मला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? गप्प राहायचं. गप्प राहिलं की लवकर संपतं."

मुलगी पुन्हा चहा प्यायला लागली. लोणीने सुरी खाली ठेवली. त्या रात्री तिला झोप आली नाही, यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीत दोन निरोप एकदम होते. मूठभर घरी निघाला होता, आणि चहाडखोर परत निघाला होता. मोठ्या डॉक्टरांनी निकाल देऊन टाकला होता, की यंत्र काहीही सांगतं. मापवाल्या बाई हिरमुसून वायरी गुंडाळत होत्या. कारण शोधताना त्यांनी उजेड बघितला होता, औषधांचा वास बघितला होता, हातांचा गारठा बघितला होता. गुणगुणीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. ती इतकी रोजची होती, की कुणाच्या कानात शिरतच नव्हती.

म्हणजे आता फक्त लोणीला माहीत होतं. आणि ती तोंड मिटून राहिली असती, तर जगात कुणालाही कळलं नसतं. तिचं नाव राहिलं असतं, तिच्या हाताचा गुण राहिला असता. स्वतःला ती म्हणाली सुद्धा, सोड, इथून पुढे गुणगुणायचं नाही, झालं. पण खिडकीजवळ मूठभरची आई खुर्चीत बसून बाळाला कपडे घालत होती. ती याला घेऊन घरी जाणार. हा रडला की ती ही चाल म्हणणार. तिच्या प्रेमाच्या एकमेव आवाजाने हा रोज आकसून पडून राहणार, आणि ती शेजाऱ्यांना सांगणार, किती शांत आहे हो माझं बाळ. ते लोणीला सहन होईना.

ती त्यांच्याजवळ गेली. "पोरी, एक सांगायचंय. ती माझी चाल आहे ना, ती घरी म्हणू नकोस."

आई हसली. "का हो? तुमच्याकडून फुकट घेतली म्हणून?"

"त्याला ती आवडत नाही. त्याला तिची भीती वाटते." आणि लोणीने सगळं सांगितलं, न थांबता, शब्द सापडतील तसं. भिंतीपलीकडून काय ऐकू येत होतं, आकडे कसे पडले, सुई कशी तिच्या गुणगुणीमागून यायची. मापवाल्या बाईंच्या हातातली वायर अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण विश्वास बसला नाही. उलट राग आला. "काहीतरीच काय बोलता, सिस्टर! सुरुवातीला त्याला इथे हात लावायची सुद्धा सोय नव्हती, तेव्हा माझ्याकडे दुसरं होतं काय? एवढी एकच गोष्ट मी त्याच्यासाठी करू शकत होते. आणि तुम्ही म्हणता, तो मला घाबरतो?"

"तुला नाही गं. माझ्या सुईला."

"मग दाखवा."

मूठभरच्या छातीवरच्या पट्ट्या अजून निघायच्या होत्या. मापवाल्या बाईंनी काही न बोलता यंत्र पुन्हा जोडलं. आकडा आला, चौऱ्याऐंशी. बाळ आईच्या मांडीवर हात पसरून पडलं होतं, तोंडाने बुडबुडे काढत. लोणी चार पावलं लांब उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती जाणूनबुजून गुणगुणणार होती. "माफ कर रे राजा," ती पुटपुटली आणि सुरू केलं.

पसरलेले हात मिटले. बुडबुडे थांबले. मुठी छातीशी, पाय पोटाशी, डोळे सताड उघडे. थोड्या वेळाने आकडा हलला. सत्तर. अठ्ठावन्न. चाळीस. लोणीला पुढे करवेना, ती थांबली. आकडा मात्र थांबल्यावरही खाली येतच राहिला, कारण तो मागून येतो. एकतीसला येऊन टेकला.

आईने बाळाच्या पोटावर हात ठेवला. ती म्हणाली, "मी रोज छातीवर घ्यायचे ना त्याला. उघड्या अंगाला लावून. हीच म्हणायचे. तो इतका निवांत पडून राहायचा."

"डोळे उघडे असायचे का त्याचे?" लोणीने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"हो. टक लावून माझ्याकडेच बघायचा. मला वाटायचं, आईला ओळखतो." तिने मान वर केली. "काय बघायचा हो तो, सिस्टर?"

खोटं बोलता आलं असतं. लोणी म्हणाली, "सुई येतेय का, ते."

आईने बाळाला उचलून उभं धरलं. चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडली नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर जाता का?"

लोणी बाहेर गेली. पाठोपाठ मापवाल्या बाईही निघाल्या आणि मोठ्या डॉक्टरांना शोधायला जवळजवळ पळतच गेल्या. लोणी व्हरांड्यात खोलीच्या काचेपाशी उभी राहिली. दार नीट लागलं नव्हतं, पण मागे फिरून ते ओढून घ्यायचा धीर तिला झाला नाही.

आत मूठभरने तोंड उघडलं आणि रडायला लागला. असं रडणं त्या खोलीने क्वचितच ऐकलं होतं. लालबुंद होऊन, हातपाय झाडून, घसा फाटेस्तोवर. आई घाबरली. तिचे ओठ सवयीने मिटून गुणगुणीला आले, आणि तिने पटकन स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मग ती नुसतीच त्याला घेऊन उभी राहिली. काय करावं ते तिला कळत नव्हतं, कारण दुसरं काही ती शिकलीच नव्हती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तोंडावर हात तसाच. बाळ रडतच होतं.

रड रे बाळा, लोणी मनात म्हणत होती. रड, हवं तेवढं रड. तिचा जीव तिळतिळ तुटत होता. आत धावावं, त्या पोरीला कवेत घ्यावं, तिला सांगावं की तुझी काही चूक नाही, सगळी माझीच आहे, असं वाटत होतं. काचेला कपाळ टेकून ती त्या दोघांकडे बघत राहिली.

आणि बाळ गप्प झालं. मधेच, कुणीतरी तोडल्यासारखं. झाडलेले पाय पोटाशी गेले. त्याच्याच काय, त्या नव्या मुलीची सोडून बाकी सगळ्या पेट्यांतल्या मुठी मिटल्या.

आईने दचकून स्वतःचा हात चाचपला. तो तोंडावर घट्ट होता. मग तिने मान वर केली आणि खोलीभर बघितलं, आणि शेवटी दाराकडे. तिथून तिची नजर काचेकडे आली आणि लोणीवर थांबली. लोणीला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. तिने वळून बघितलं. व्हरांडा रिकामा होता. मग तिला नाकपुड्यांत थरथर जाणवली, खाली उतरणारी, जरा वर चढून पुन्हा खाली येणारी, आणि ती थांबवायला तिने ओठ दाबले तरी ती थांबेना.

बाळाला खांद्यावर घेऊन आई आली आणि तिने आतून दार लावून घेतलं.